दर मिनिटाला 'जीसी डॉट कलेक्ट' टाकू का, की रॅम वाढवू?

दोन्ही नको, निदान एवढ्यात तरी नको. ('जीसी डॉट कलेक्ट' म्हणजे मेमरीतला कचरा आत्ताच्या आत्ता उचल, असा कोडमधून दिलेला हुकूम.)

सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर सकाळी पळतं आणि संध्याकाळी रांगतं, हे दुखणं मी सांगलीच्या मार्केट यार्डात भोगलंय. एका अडत दुकानाला हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, काढायचा प्रोग्राम करून दिला होता. कित्येक महिने तक्रार नाही. हळदीचे सौदे रंगात आले आणि रोज दुपारी 'एरर क्रिएटिंग विंडो हँडल' म्हणून तो बसायला लागला. मी शहाण्यासारखी रॅम 4 जीबीची 8 करायला लावली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मालकाचे पैसे गेले आणि प्रोग्राम तितक्याच पट्ट्यांनंतर पुन्हा बसला.

त्या 'तितक्याच'मध्येच गोम होती. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'युजर ऑब्जेक्ट्स' (प्रोग्रामनं उघडलेल्या विंडो वगैरे वस्तूंची संख्या) हा कॉलम लावला, तर आकडा दर पट्टीला चाळीसेकनं चढायचा. प्रत्येक पट्टीला मी नवा फॉर्म, म्हणजे माहिती भरायची खिडकी, उघडत होतो आणि काम झालं की क्लोज (बंद) न करता हाईड करत होतो, म्हणजे नुसता लपवत होतो. वजन, दर, हमाली, तोलाई, शिवाय प्रत्येकाचं लेबल. विनफॉर्म्समध्ये (सी-शार्पमध्ये असे फॉर्म बनवायची सोय) यातली एकेक गोष्ट म्हणजे विंडोजच्या लेखी स्वतंत्र विंडो. एका प्रोसेसला अशा वस्तूंची मर्यादा मुळात 10,000. अडीचशे पट्ट्या झाल्या की खेळ खलास, मग रॅम कितीही असो. एरवी दिवसाला शंभरच व्हायच्या, म्हणून माझं पाप झाकून राहिलं.

सांगलीजवळच्या हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून तोंड बुजवायचे. वरून नुसती जमीन दिसायची, माल आतच. हाईड तसंच आहे. गार्बेज कलेक्टर, म्हणजे मेमरीतला कचरा उचलणारा तो 'जीसी', फक्त कुणीच धरून न ठेवलेलं उचलतो, आणि हे फॉर्म 'ओपनफॉर्म्स' या उघड्या फॉर्मांच्या यादीत जिवंत असतात. उलट त्याला सारखं बोलावलं की त्या क्षणी वापरात असलेल्या तात्पुरत्या वस्तूही पुढच्या पिढीत, म्हणजे क्वचितच तपासल्या जाणाऱ्या जुन्या गटात, ढकलल्या जातात आणि नंतर लवकर सुटत नाहीत.

तुम्ही तो कॉलम लावून वीस बिलं करा. आकडा चढतच राहिला तर कोडमध्ये हाईड शोधा. आकडा स्थिर आणि मेमरी तेवढी चढतेय, तर एखाद्या स्टॅटिक इव्हेंटला (प्रोग्राम चालू असेपर्यंत टिकणाऱ्या घटनेला) जोडलेला फॉर्मचा हँडलर, म्हणजे ती घटना घडल्यावर चालणारा कोड, सोडवायचा राहिला असेल. फॉर्म क्लोज झाला तरी तो इव्हेंट त्याला धरून बसतो.

मी पट्टीचा एकच फॉर्म ठेवला, दर वेळी रिकामा करून तोच वापरतो. वीस बिलांनंतर काय आकडा दिसतो ते इथं लिहा, मग पुढचं बघू.