मोबाईलनं सांगितलं, फवारलं काकाजींनी

प्रश्न : बारावीनंतर मी गावातच शेती करतो. मोबाईलवरच्या एआयला मराठीत विचारलं की तो फवारणीचं सांगतो, म्हणून गावातले लोक माझ्याकडे येतात. ऑगस्टात शेजारच्या काकाजींच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) तुडतुड्यांची कीड पडली. मी मोबाईलला विचारून औषध आणि डोज चिठ्ठीवर लिहून दिला. आठवडाभरात शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली. काकाजी काही बोलत नाहीत, काकू मात्र दिसल्या की तोंड फिरवतात. मित्र म्हणतात, ‘तू थोडीच सांगितलं, मोबाईलनं सांगितलं.’ खरंच माझा दोष नाही का?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी पानाचं बोलू, दोषाचं मागून. मी कृषी पर्यवेक्षक होतो तेव्हा अशी पानं पिशवीत घालून कुणी ना कुणी दर पावसाळ्यात आणायचंच. तुडतुड्याच्या औषधाचा डोज जास्त झाला तर पान करपेल, पण भेंडीसारखं होणार नाही. ते होतं २,४-डी या तणनाशकानं. ज्वारीत, धुऱ्यावर (बांधावर) लोक ते मारतात, आणि कपाशीला त्याचा अंशही सोसत नाही. तोच पंप नुसत्या पाण्यानं खंगाळून पऱ्हाटीत नेला तरी पुरे. शेजारच्या वावरात कुणी मारलं आणि वारा इकडचा असला, तरी तेच. तेव्हा पहिला प्रश्न असा, की काकाजींनी पंप कुणाचा आणला आणि त्यातून आधी काय मारलं होतं?

मोबाईलनं हे विचारलं नाही. तुम्ही तुडतुड्याचं विचारलं, त्यानं तुडतुड्याचं सांगितलं. औषध कदाचित अगदी बरोबरही असेल. कोपऱ्यात ठेवलेला पंप त्याला कुठून दिसणार? तुम्ही काकाजींना विचारू शकत होता. तुमची जबाबदारी तेवढीच, पण ती आहे. मित्रांचं म्हणणं मला पटत नाही. काकाजी तुमच्याकडे आले होते आणि चिठ्ठीवर अक्षर तुमचं आहे.

तुमच्या मित्रांचा बहाणा बड्या कंपन्याही करून पाहतात. घरातलं माणूस वारलं म्हणून प्रवासाला निघालेल्या एकाला एअर कॅनडा या विमान कंपनीच्या वेबसाईटवरच्या चॅटबॉटनं सांगितलं, की आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागा. कंपनीचा नियम तसा नव्हता. वाद लवादापुढे गेला, तेव्हा कंपनीनं म्हटलं की चॅटबॉट आमच्याहून वेगळा, त्याचं त्यानं पाहावं. २०२४ मध्ये लवादानं ते धुडकावून कंपनीला पैसे भरायला लावले.

आणि हात झटकायला एआय लागतं असंही नाही. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा कुणी म्हणे मजुरानं मास्क घातला नाही, कुणी म्हणे दुकानदारानं दिलं ते मारलं, कुणी म्हणे पऱ्हाटीच डोक्याच्या वर गेली होती.

पण सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. डब्यासोबत माहितीपत्रक असतं. कोणतं पीक, कोणती कीड, किती मात्रा, सगळं त्यात छापलेलं. दुकानदारानं ते दिलं का, काकाजींनी उघडलं का? (कृषी केंद्रात औषधासोबत गळ्यात मारतात त्या टॉनिकच्या बाटल्यांवर पुन्हा कधीतरी लिहीन. तो राग वेगळा आहे.) आणि एआय बनवणाऱ्यांनी खाली बारीक अक्षरात ‘चूक होऊ शकते’ लिहून मोकळं व्हावं, हेही मला मान्य नाही. विषाचा डोज सांगणाऱ्यानं आधी चार उलटे प्रश्न विचारलेच पाहिजेत, मग तो माणूस असो की मशीन.

मोबाईल वापरा, खुशाल वापरा. त्यानं सांगितलेली मात्रा माहितीपत्रकाशी ताडून बघा. दोन्हींत फरक पडला तर छापलेली धरा. शंका राहिली तर किसान कॉल सेंटरला, १८००-१८०-१५५१ वर, फोन लावा. तिथं माणूस मराठीत बोलतो. तणनाशकाचा पंप गावात वेगळाच ठेवायला सांगा.

काकूंकडे स्वतः जा. पंपाचं विचारायचं राहून गेलं, हे सरळ सांगा. पण नुकसानभरपाईचा शब्द मात्र कारण पक्कं कळल्याशिवाय देऊ नका. झळ हलकी असेल तर नवी पालवी सरळ येते. शेंडे खुडायचे की राहू द्यायचे, हे कृषी विज्ञान केंद्रातले लोक पाहून सांगतील. दोन-तीन फांद्या, औषधाचा रिकामा डबा आणि बिल घेऊन या आठवड्यातच जा. काकाजींना सोबत न्या, कारण पंप कुणाकडून आणला होता हे त्यांनाच ठाऊक.