आजीवन वॉरंटीचे शब्द गाडी ताब्यात घेण्याआधी कागदावर आणा

प्रश्न : लवकरच बाजारात येणाऱ्या एका इलेक्ट्रिक कारसाठी मी बुकिंगची रक्कम भरली आहे. शोरूममधला विक्रेता म्हणतो, "बॅटरीला आजीवन वॉरंटी आहे, दुरुस्तीच्या खर्चाची चिंताच सोडा." पण बुकिंग फॉर्मवर 'किंमत, वैशिष्ट्ये व वॉरंटीच्या अटी पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात' असे छापलेले आहे. वाढीव वॉरंटी आणि विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, असेही ते सांगतात. माझ्या मेहुण्यांच्या इलेक्ट्रिक गाडीला खालून दगड लागला. कंपनी म्हणते हे वॉरंटीत बसत नाही, विमा कंपनी फक्त बॅटरीच्या बाहेरच्या आवरणाचे पैसे देते, आणि वर्कशॉप अख्खा बॅटरी पॅक बदलायला सांगते. ते पाहून धास्ती बसली आहे. त्यात आमचे सीए गाडी फर्मच्या नावावर घ्या म्हणतात. बुकिंग रद्द करू का?

उत्तर : एवढ्यात रद्द करू नका. पूर्ण पैसे दिलेले नाहीत तोवर शोरूमला तुमचे ऐकून घ्यावे लागते. चावी हातात आली की हेच लोक तुम्हाला कस्टमर केअरचा नंबर देतील. म्हणून जे काही मागायचे ते आत्ताच, आणि लेखी मागायचे.

तुमची धास्ती मेहुण्यांच्या गाडीवरून सुरू झाली आहे, तेव्हा आधी तिकडे वळतो. कंपनीचा नकार ऐकायला कठोर वाटला तरी तो बहुधा बरोबर आहे. वॉरंटी ही गाडी बनवतानाच्या दोषांसाठी असते. दगड लागणे हा अपघात आहे आणि अपघात हा विम्याचा विषय. खरा वाद विमा कंपनीशी आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बाहेरून झालेल्या आघाताची भरपाई देतो, पण 'परिणामी नुकसान' (आघातामुळे थेट न होता त्याच्या मागून झालेले नुकसान), झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड वगळतो. आवरणाला खोक पडली हा अपघात आणि आतले सेल निकामी झाले हे 'परिणामी नुकसान', अशी फोड करून विमा कंपनी हात वर करते. ही फोड मला पटत नाही. एकाच आघाताने आवरण आणि आतला भाग दोन्ही गेले असतील, तर ते एकच नुकसान आहे. मात्र हे तंत्रज्ञाच्या अहवालातून दिसले पाहिजे. अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्या : अपघाताच्या वेळी नोंदले गेलेले एरर कोड, इन्सुलेशनची चाचणी, कूलिंगची गळती असल्यास तिचे फोटो, आणि खराब मॉड्यूल (पॅकमधला सेलचा एक गट) तेवढेच बदलणे का शक्य नाही याचे कारण. 'पॅक बदलावा लागेल' एवढ्या एका ओळीवर दावा उभा राहत नाही.

नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागून घ्या. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी हरकत नोंदवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथे ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मिळू शकते, शुल्क काहीच नाही आणि वकीलही चालत नाही (आमच्या धंद्याला वाईट, मेहुण्यांना चांगले). नकार मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. मात्र त्याच वादावर आधी ग्राहक आयोगात तक्रार टाकली, तर लोकपालाचा रस्ता बंद होतो.

आता तुमच्या गाडीकडे. दुरुस्तीचा खर्च तीन वेगवेगळ्या कागदांवर वाटला जातो : कंपनीची वॉरंटी, वाढीव वॉरंटी आणि विमा. शोरूममध्ये तिन्ही एका दमात विकले जातात. त्यामुळे ग्राहकाला वाटते की सगळे कुठेतरी आलेच असेल. पण बहुतेक भांडणे एका कागदाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होत नाही, त्या मोकळ्या जागेत होतात.

'आजीवन' हा शब्द कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेत शोधा. तो बहुतेक वेळा अटींसह येतो : फक्त पहिला मालक, फक्त खासगी वापर, सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी. गाडी विकली की नव्या मालकाच्या हाती अनेकदा नेहमीची ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची मर्यादा उरते, म्हणजे तुमच्या गाडीची पुनर्विक्रीची किंमतही या अटीत अडकलेली आहे. दुसरे, बॅटरीची क्षमता किती उतरली म्हणजे कंपनी ती 'खराब' मानणार? बऱ्याच वॉरंटींमध्ये ही रेषा मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आसपास असते. त्याच्या थोडी वर असलेली बॅटरी तुम्हाला रोज चार्ज करावी लागेल, पण वॉरंटीच्या भाषेत ती ठणठणीत असेल. म्हणून ताबा घेताना आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल मागा. चार-पाच वर्षांनी वाद झालाच, तर त्या कागदांइतका भक्कम पुरावा दुसरा नसेल.

वाढीव वॉरंटीबाबत लोक हटकून फसतात. ती बॅटरीसाठी आहे असे समजून घेतात, आणि बऱ्याच योजनांत मुख्य बॅटरीच वगळलेली असते. म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. मोटर, इन्व्हर्टर, गाडीतला चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर यांची मूळ वॉरंटी बॅटरीपेक्षा सहसा लवकर संपते आणि हे भाग स्वस्त नसतात. त्यांची नावे योजनेत स्पष्ट असतील तर वाढीव वॉरंटी घ्या, नसतील तर पैसे वाचवा. ही योजना गाडीची कंपनी देते की तिसरीच कुणी, हेही पाहा. तिसरी असेल तर उद्या शोरूम हात झटकेल.

विम्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. पारंपरिक पॉलिसीत बॅटरी हा शब्द रबर-प्लास्टिकच्या रांगेत बसतो आणि त्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. ही अट साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी लिहिली गेली, पण शब्द 'बॅटरी' असाच आहे. तेव्हा झिरो डेप (घसारा न कापणारे जोडसंरक्षण) घ्या आणि त्यात मुख्य बॅटरी येते का हे लेखी विचारा. पाणी शिरणे, शॉर्ट सर्किट, चार्जिंग करताना विजेचा दाब वाढणे यांसाठी काही कंपन्या इलेक्ट्रिक गाडीचे वेगळे संरक्षण जोडून देतात. येणारे मॉडेल नवे आहे, सुटे भाग आणि जाणकार हात सुरुवातीला थोडे असणार, म्हणून हे जोडसंरक्षण मी घ्यायला सांगेन. तिसरी गोष्ट गाडीच्या विमित मूल्याची, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल तिची. ते तिसऱ्या वर्षानंतर मूळ किमतीच्या ६० टक्क्यांवर येते आणि दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'संपूर्ण नुकसान' धरली जाते. बॅटरी पॅक हाच गाडीचा सर्वांत महाग भाग असल्याने इलेक्ट्रिक गाडी ही रेषा पेट्रोल गाडीपेक्षा लवकर ओलांडते. कर्ज मोठे असेल तर सुरुवातीच्या वर्षांत 'रिटर्न टू इन्व्हॉइस' (गाडी पूर्ण गेल्यास बिलाची किंमत देणारे जोडसंरक्षण) घ्या, नाहीतर गाडी जाईल आणि हप्ते राहतील.

विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल, या अटीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ 'निर्बंधित व्यापारी प्रथा' म्हणतो. विमा कुठूनही घ्या. बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल, ही धमकीही सरसकट चालत नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना दंड करताना सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अशा अटींवर बोट ठेवले होते. तरीही हाय-व्होल्टेज बॅटरी बाहेर उघडू देऊ नका. तिथे कायद्याआधी जिवाचा प्रश्न आहे.

फॉर्मवरच्या छापील ओळीचे काय? गाडी अजून बाजारात यायची आहे, म्हणजे तुमचा करार हा भावी वस्तूच्या विक्रीचा आहे. माझ्या मते ती ओळ कंपनीला अटी बदलू देते, पण बदललेली गाडी तुमच्या गळ्यात मारू देत नाही. अटी बदलल्या तर तुम्ही पैसे परत मागू शकता. ते अडवून धरले तर ती सेवेतील त्रुटी म्हणून आयोगापुढे नेता येते. करारातली अटच अनुचित म्हणून रद्द करून हवी असेल तर मात्र जिल्हा आयोग पुरत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. एवढी लढाई बुकिंगच्या रकमेसाठी कुणी करत नाही, आणि करूही नये.

आणखी एक गोष्ट, जी वकीलही कधी कधी विसरतात. ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' (सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी) नावाचे जोरदार प्रकरण आहे, पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे झालेले नुकसान वगळले आहे. बॅटरीने पेट घेऊन घर जळाले तर घराची भरपाई त्या प्रकरणाखाली मागता येईल, बॅटरीची नाही. बॅटरीसाठी वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी किंवा दिशाभूल करणारी वॉरंटी याच मुद्द्यांवर तक्रार लिहावी लागते. कित्येक गाड्यांत तोच दोष निघाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. तोपर्यंत तुमची तक्रार कंपनीकडे लेखी नोंदलेली असू द्या.

फर्मच्या नावावर घेऊ नका. करात वाचेल ते वॉरंटीत जाऊ शकते, कारण 'खासगी मालक' या अटीतून फर्म बाहेर पडते. शिवाय 'व्यावसायिक हेतू' म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येतो. संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. पण तिथवर पोहोचायला त्या ग्राहकाला किती वर्षे लागली ते पाहिले, तर सीएंचा सल्ला महाग वाटेल.

पुढे वाद झालाच तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तोच आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही तक्रारी तिथेच मिटतात.

आजच शोरूमला आणि कंपनीला एकच ईमेल पाठवा : "आपल्या प्रतिनिधींनी मला बॅटरीला आजीवन वॉरंटी असल्याचे सांगितले. या मॉडेलच्या वॉरंटीचा संपूर्ण मजकूर, त्यातील अपवाद, मालकी बदलल्यास लागू होणाऱ्या अटी आणि बॅटरी बदलण्यासाठी ठरवलेली क्षमतेची मर्यादा लेखी कळवावी. विमा व वाढीव वॉरंटी घेणे ऐच्छिक असल्याचेही कळवावे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास किंवा अटी सांगितल्यापेक्षा वेगळ्या असल्यास मी बुकिंग रद्द करून रक्कम परत घेईन." विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे बोलणे पुसू नका आणि फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. पुढे ते संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडावे लागेल. उत्तर आले की मजकूर मला पाठवा, पुढचे पैसे त्यानंतर भरू.