‘दंपत्ती’तला जास्तीचा ‘त’

विचारलंय असं: प्राचीन इजिप्तमधल्या नवराबायकोच्या रंगवलेल्या दगडी पुतळ्यांना मराठीत ‘दंपत्ती’ म्हणावं की ‘दांपत्य’? आणि ते ज्या दगडी ‘नाओस’मध्ये, म्हणजे मूर्ती ठेवायच्या कोठडीत, बसवत, त्याला ‘देव्हारा’ चालेल का?

आधी तो जास्तीचा ‘त’ काढा. ‘संपत्ती’, ‘आपत्ती’ यांच्या वजनावर तो लग्नपत्रिकांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे घुसलाय. शब्द ‘दंपती’ आहे. त्यात पती आहे, चहाची पत्ती नाही. ‘दांपत्य’ म्हणजे खरं तर नवराबायकोपण, पण जोडप्यासाठी तो रुळलाय. राहू दे.

माझं भांडण ‘दंपती’तल्या ‘दम्’वरून आहे. अमरकोश ‘दंपती, जंपती, जायापती’ एका पंक्तीला बसवतो आणि वैयाकरण सांगतात की समासात ‘जाया’चं, म्हणजे बायकोचं, ‘दम्’ होतं. कसं होतं? होतं म्हणून होतं! अहो, ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त उघडा. अग्नी ‘वर्धमानं स्वे दमे’, म्हणजे आपल्या घरात वाढणारा. ‘दम’ म्हणजे घर. लॅटिन ‘दोमुस’ त्याचाच भाऊबंद. ऋग्वेदात ‘दंपति’ एकवचनीही येतो, अर्थ घरधनी. बायकोचा पत्ताच नाही, मग ‘जाया’ आली कुठून? द्विवचनात घराचे धनी दोन झाले, एवढंच. ग्रीक ‘देस्पोतेस’ही याच घडणीचा. तिकडे तो घरधनी पुढे जुलमी सत्ताधीश झाला. आपल्याकडे निदान शब्दापुरती तरी मालकी दोघांत वाटली गेली.

आता इजिप्त. तिथे ‘पेर’ म्हणजे घर. ‘पेर-आ’, मोठं घर, म्हणजे राजवाडा, त्यावरूनच तिथल्या राजाला ‘फॅरो’. आणि नव्या राज्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे १५५० ते १०७०) लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी सर्रास कोरलेलं असतं ‘नेबेत-पेर’: घराची धनीण! भाषांचं नातं काही नाही, उगाच जुळवू नका. पण ‘दंपती’ शब्द या पुतळ्यांना इतका चपखल बसतो, तो ‘दम्’ला घर मानलं तरच. मला विचाराल तर पुतळ्याच्या पाटीवर सरळ ‘घरधनी आणि घरधनीण’ लिहावं. गावठी वाटेल? वाटू दे. ‘युगुल’ मात्र नको, त्याला बागेतल्या बाकाचा वास येतो. कैरोच्या संग्रहालयातला बुटका अधिकारी सेनेब बघा: मांडी घालून बसलाय, पाय लोंबायचे त्या जागी दोन मुलं उभी, शेजारी फिकट रंगाची बायको सेनेतितेस त्याला हात लावून. हा काय युगुल?

हां, देव्हारा. मंदिरातल्या नाओसमध्ये देव असतो, तिथे खुशाल म्हणा. पण गेबेल अस-सिलसिलाच्या वालुकाश्माच्या खाणीत, नाईलकाठी, हॅतशेप्सुत आणि तिसरा थुतमोस या फॅरोंच्या अधिकाऱ्यांनी खडकात खोल्या कोरून घेतल्या, रंगवल्या. त्यांच्या कोनाड्यात मालक स्वतः बसलाय, सोबत बायको नाहीतर आईबाप. तिथे ‘स्मृतिगृह’ लिहा.