घरातच राहणाऱ्या मांजराला मायक्रोचिप लावावी का? हरवलं तर ते फोनवर दिसेल का?

लावाच. फोनवर मात्र काही दिसणार नाही, कारण चिपमध्ये ना बॅटरी असते ना जीपीएस. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटरची काचेची नळी असते ती. पशुवैद्य ती मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, मांजर क्षणभर दचकतं, पण भूल लागत नाही. स्कॅनर जवळ नेला की १५ अंकी क्रमांक उमटतो.

खरी मेख पुढेच आहे. त्या क्रमांकात तुमचं नाव नसतं. नोंदणी केलीच नाही किंवा बदललेला फोन नंबर कळवायचा राहिला, तर सापडलेलं मांजरही तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नोंदणी कुठे करायची, हे दवाखान्यातून निघण्याआधीच विचारून घ्या.

घरातल्या मांजरांचीच मला जास्त काळजी वाटते. दारातून निसटली की घाबरून कुठेतरी दडून बसतात, ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाहीत. गळ्यातला पट्टा अडकून निघून जातो, चिप राहते. लसीला न्याल तेव्हा तीही स्कॅन करून घ्या. कधीकधी ती खांद्याकडे सरकते.