मोबाईलशिवाय घास घेत नाही

"मोबाईल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही हो मॅडम. मेंदूवर परिणाम झाला असेल का?" हल्ली हा प्रश्न सतत येतो, म्हणून अडीच वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याचे शब्द मोजकेच होते, हाकेला ओ देणं कमी. बोलणं लांबलं की सगळं खापर मोबाईलवर फोडू नये, म्हणून आधी कान तपासून घेतले, बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. तिथे काही निघालं नाही. स्पीच थेरपी सुरू झाली.

मग मी आईला विचारलं, "तो जेवताना तुम्ही त्याच्याशी काय बोलता?"

"काहीच नाही. बोललं की चिडतो, गाणं ऐकू येत नाही म्हणून."

"आणि तुम्ही काय बघत असता?"

"माझा फोन." जरा वेळाने तीच म्हणाली, "म्हणजे आम्ही एकमेकांकडे बघतच नाही."

माझं लक्ष नेहमी इथेच असतं. मूल काहीतरी पुटपुटतं, मोठं माणूस उत्तर देतं, पुन्हा मुलाची पाळी. भाषेची जुळणी मेंदूत अशी होते. 2003 साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समोर बसून कुणी चिनी भाषेत खेळवलं, तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं तर शिकली नाहीत. पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

एकच बदल सुचवला. रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं, फोन दुसऱ्या खोलीत, बाबांचाही. त्याचं ताट वेगळं, सांडू दे. सुरुवातीला रडारड झाली. "लेकरू उपाशी झोपेल," आजी म्हणाल्या. वजन नीट वाढत असेल तर एका वेळी कमी जेवल्याने बिघडत नाही, हे त्यांना पटवावं लागलं.

काही आठवड्यांनी आजीच सांगत आल्या. वरणभाताने बरबटलेल्या बोटांत चार शितं धरून त्याने त्यांच्या तोंडाशी नेली. "आजी, आ!" आणि त्या तोंड उघडेपर्यंत थांबला. शब्दांपेक्षा मला ते थांबणं मोठं वाटलं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून तो आपली पाळी ओळखू लागला होता. त्या दिवशी मला माझ्या कामाचं फार समाधान वाटलं.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. परगावच्या मावशीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल; मावशी उत्तर देते. दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर मात्र फोन बंद करून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.