आई-वडिलांसाठी घर: पाथर्डी फाटा की सिडको?

प्रश्न: निफाडकडचं गावचं घर बंद करून आई-वडील नाशिकला यायचं म्हणतात. वडील ७२ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. दोन घरं परवडतात: पाथर्डी फाट्याच्या पुढे नव्या संकुलात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट (लिफ्ट, बाग, क्लबहाऊस), नाहीतर सिडकोत पवननगरजवळ तळमजल्याचं जुनं, लहान घर. आम्हा भावंडांचा कल फ्लॅटकडे आहे. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सिडकोतलं घ्या. फक्त गल्ली नीट बघून घ्या.

मी १९८९ पासून पवननगरजवळ राहते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांसाठी सिडको या सरकारी महामंडळानं ही सहा योजनांची वसाहत वसवली, म्हणून भागाचं नावही सिडकोच पडलं. तेव्हा सायकल असलेला माणूस सुखी म्हणायचा, त्यामुळे किराणा, गिरणी, दवाखाना सगळं पायी जाण्याच्या टप्प्यात आलं. आज माझ्या वयाला त्याचाच आधार आहे. संध्याकाळी पवननगरच्या बाजारात मेथीची जुडी घ्यायला निघाले की वाटेत चौघीजणी बोलतात. दोन दिवस दिसले नाही तर गिरणीवाला नातीला विचारतो, "आजी बऱ्या आहेत ना?" माझी मैत्रीण तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणता तसल्याच संकुलात गेली. बाग छान आहे, पण कोथिंबिरीलाही रिक्षा करावी लागते. आता ती सगळं मोबाइलवरून मागवते आणि दिवसदिवस कुणाशी बोलत नाही. मला तिची फार काळजी वाटते.

आता गल्लीचं. एका रात्री आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका वेळेत आली, पण कोपऱ्यावरच अडकली. दोन्ही बाजूंना चारचाकी लावलेल्या. शेजारच्या पोरांनी ह्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलून नेलं. ते वाचले. म्हणून सांगते, घर दिवसा बघू नका. रात्री दहानंतर, सगळ्यांच्या गाड्या घरी आल्यावर जा आणि मोठी गाडी दारापर्यंत येते का ते बघा.

घरांवर मजले चढल्यानं तळमजल्यावर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. सामायिक भिंतीला हात लावून ओल तपासा. नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारणीला विचारा. ही घरं मुळात सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिलेली, तेव्हा आधीची हस्तांतरणं सिडकोच्या दप्तरी नोंदलेली आहेत ना, हे वकिलाकडून बघून घ्या. मोरवाडीला महापालिकेचं रुग्णालय आहे, शहरात जायला सिटीलिंकची बस आहे. नाशिकरोड स्टेशन मात्र लांब. तुम्ही पुण्याहून येताना तेवढं धरून चला.

ठरवण्याआधी आईंना एकदा घेऊन या. घरापासून बाजारापर्यंत त्यांच्या चालीनं चालू द्या, पिशवीत किलोभर बटाटे घेऊन परतू द्या. वाटेत त्या कुठे थांबतात आणि तिथे टेकायला एखादा ओटा आहे का, ते बघा.