युनियन बदलणं म्हणजे पक्षांतर का?

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी पेडणे तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझी भाची ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्टावर नवऱ्याबरोबर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली. तिथे शिकून आता ती एका शाळेत शिकवते. यंदा चवथीला घरी आली तेव्हा गप्पांत निघालं की २०२३च्या जानेवारीत तिने आपली युनियन सोडली, दुसरीत नाव घातलं आणि १ फेब्रुवारीला त्या दुसऱ्या युनियनच्या संपात उतरली. मी म्हटलं, "बाय, हे तर आमच्या आमदारांसारखं झालं." पानावरून उठायचीच बाकी राहिली! माझं म्हणणं एवढंच की ज्या संघटनेला वर्गणी दिली तिचा निर्णय पाळावा, नाहीतर संघटना हवी कशाला? ती म्हणते, "मामा, संघटनेने संपाच्याच बाजूने मत दिलं होतं, कायद्याने ते धरलं नाही." बहुमत झालं तरी धरत नाहीत, हा कुठला कायदा? आमच्यात चूक कोण?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : मामा, चूक तुम्ही. दोघांच्याही पाठीवर हात फिरवणारं उत्तर मला देता आलं असतं, पण या बाबतीत भाचीची बाजू पक्की आहे.

आधी तिथे काय झालं ते बघा. इंग्लंडमधल्या बहुतेक शिक्षकांना २०२२-२३साठी सरकारने ५ टक्के वाढ दिली आणि महागाई त्या हिवाळ्यात १० टक्क्यांच्या वर होती. म्हणजे वाढ मिळूनही पगार घटला. तिथे शिक्षकांच्या एकाहून अधिक युनियन आहेत. सर्वांत मोठी नॅशनल एज्युकेशन युनियन, म्हणजे एनईयू. ती २०१७ साली दोन जुन्या युनियन एकत्र होऊन झाली. दुसरी मोठी एनएएसयूडब्ल्यूटी. तिचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही, संपादक जागा देणार नाहीत. मुख्याध्यापकांची एनएएचटी वेगळी. तुमच्या भाचीने कुठली सोडली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती या शेवटच्या दोघींपैकी एक असावी, कारण या तिघींनीही आपापल्या सभासदांचं मत घेतलं आणि त्यातून एकटी एनईयू पार झाली.

आता तुमचा कायदा. २०१६च्या ट्रेड युनियन कायद्याने ब्रिटनमध्ये अट घातली की संपासाठीच्या मतदानात निदान निम्म्या सभासदांनी मत दिलं पाहिजे. शाळा, इस्पितळं अशा सेवांत तेव्हा आणखी एक अट होती : एकूण सभासदांपैकी निदान ४० टक्क्यांनी 'होय' म्हटलं पाहिजे. मतपत्रिका तेव्हा घरी टपालाने यायची आणि टपालानेच परत धाडावी लागायची. फोनवर बटण दाबून चालत नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याच हिवाळ्यात टपाल कर्मचाऱ्यांचाही संप चालू होता.

एनएएसयूडब्ल्यूटीच्या इंग्लंडमधल्या मतदारांपैकी दहातल्या नवांनी संपाला होकार दिला. पण पत्रिका परत आल्या ४२ टक्के. झालं, संप बेकायदेशीर. एनएएचटीचंही तसंच, तिथेही मतदान ४२ टक्क्यांवर अडलं. एनईयूचा निकाल १६ जानेवारीला लागला : मतदान ५३ टक्के, होकार ९० टक्के. ती सुटली.

प्राथमिक शिक्षक आहात, तर गणितच घाला. शंभर शिक्षकांची युनियन धरा. चाळिसांनी पत्रिका पाठवली आणि चाळीसच्या चाळीस 'होय' म्हणाले. संप होऊ शकत नाही, कारण मतदान निम्म्यावर गेलं नाही. आता तेच चाळीस 'होय', आणि शिवाय विरोधातल्या दहांनी 'नाही' लिहून पत्रिका टपालात टाकली. मतदान पन्नास झालं, होकार चाळीस, दोन्ही अटी पूर्ण. म्हणजे विरोधकांनी मत नोंदवल्यामुळे संप कायदेशीर झाला! ज्याला संप नको त्याने घरी बसावं, हा त्या कायद्याचा शहाणा सल्ला. भाची जे म्हणते की मत दिलं पण धरलं नाही, ते हेच.

आता आमदारांबद्दल. ते उदाहरण तुम्ही काढलंत म्हणून. गोव्यात २०१९च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, २०२२च्या सप्टेंबरात आठ गेले. दोन्ही वेळी आकडा मोजूनमापून होता, कारण घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर पद वाचतं, असं दार उघडं ठेवलेलं आहे. तेव्हा आकडा बघून चाल खेळणं हे दोन्हीकडे आहे, इथवर तुमची तुलना मी मान्य करते. पुढे नाही. आमदार जातो तेव्हा आपल्या मतदारांनी दिलेलं मत खिशात घालून जातो. शिक्षिका युनियन बदलते तेव्हा ती कुणाचं मत नेते? स्वतःचं. निवडून आलेली पदाधिकारी नव्हती ती, वर्गणी भरणारी सभासद होती. शिवाय आमदाराला पलीकडे मंत्रिपद नाहीतर महामंडळ मिळतं. तुमच्या भाचीला पलीकडे पगारकपात मिळाली. इंग्लंडमध्ये शिक्षकाच्या एका दिवसाच्या संपाला साधारणपणे वार्षिक पगाराचा ३६५वा भाग कापतात. असं पक्षांतर आमच्या विधानसभेत कुणी करून दाखवावं, मी स्वतः पर्वरीला हार घेऊन जाईन.

तुमची अडचण अगदीच पोकळ आहे असं मात्र नव्हे. एकमेकींचे सभासद ओढायचे नाहीत, असा करार तिथल्या युनियननी १९३९ साली ब्रिडलिंग्टन गावी केला होता. संपाच्या ऐन वेळी लोक इकडून तिकडे धावले तर कुठलीच संघटना टिकत नाही, ही तुमचीच भीती त्यामागे होती. पण कुठल्या युनियनमध्ये राहायचं हे सभासदानेच ठरवायचं, असं १९९३च्या कायद्याने केलं आणि कराराचा कणा मोडला. म्हणून २०२३मध्ये हे उघडपणे झालं. निकालानंतर आपल्याकडे ४० हजारांहून जास्त नवे सभासद आले, असं एनईयूने जाहीर केलं. त्यातले काही आधी कुठेच नसलेले, काही भाचीसारखे दुसरीकडून आलेले. मतदानानंतर आलेल्यांनाही संपात उतरता येत होतं. खरं तर कुठल्याच युनियनमध्ये नसलेला माणूसही कायदेशीर संपात सामील होऊ शकतो आणि नोकरीवरून काढण्याविरुद्ध त्याला तेच संरक्षण आहे, असं तिथल्या सरकारचं स्वतःचंच मार्गदर्शन सांगतं. तरी लोकांनी पैसे भरून नाव घातलं. उद्या हेडबाईंनी बोलावलं तर बरोबर कोण येणार, हा प्रश्न असतो ना.

भाचीला एक गोष्ट मात्र विचारा. जुन्या युनियनकडे तिचं काही प्रकरण चालू होतं का? पगारश्रेणीचं, तक्रारीचं, आजारपणाच्या रजेचं? नवी युनियन सहसा आपल्याकडे नाव घालण्याआधीचं भांडण अंगावर घेत नाही. संपाच्या उत्साहात लोक हे विसरतात आणि वकील हवा झाला की आठवतं. युनियन बदलण्याला माझा आक्षेप असेल तर तो इथे आहे.

आणि राग काढायचाच असेल तर ज्या ५८ टक्क्यांनी पत्रिका धाडलीच नाही त्यांच्यावर काढा. ही जात मला चांगली ठाऊक आहे. फोंड्याला मी शिक्षक संघटनेच्या तालुका समितीत होते, तेव्हा सभेत हात वर करणारे पुष्कळ असायचे. पणजीच्या आझाद मैदानावर जायच्या सकाळी मात्र कुणाची कदंब बस चुकायची, कुणाच्या सासूचा रक्तदाब वाढायचा. एवढ्या सासवा एका तालुक्यात एकाच दिवशी आजारी पडलेल्या आरोग्य खात्यालाही कळल्या नसतील.

पुढची हकीकत थोडक्यात. संपाचे दिवस मधूनमधून जुलैपर्यंत चालले. जुलैत सरकारने पुढच्या वर्षासाठी साडेसहा टक्के देऊ केले आणि एनईयूच्या सभासदांनी ते स्वीकारले. त्याच महिन्यात एनएएसयूडब्ल्यूटीनेही पुन्हा मतदान घेऊन निम्म्याची रेषा ओलांडली होती. जानेवारीत अडलेले लोक जुलैत पार झाले. सभासद गळताना दिसले म्हणून पार झाले का? मला तसं वाटतं. सिद्ध करून दाखवा म्हणाल तर जमणार नाही.

प्रश्न : मी सत्तरीतल्या एका अनुदानित हायस्कुलात तीन वर्षं शिकवते. आमची संघटना नुसती निवेदनं देते. दुसरी एक संघटना पणजीला धरणं धरणार आहे. मी ही सोडून तिच्यात जाऊ शकते का? आणि संपावर गेले तर चालेल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : जाऊ शकतेस. संघटना करण्याचं, तिच्यात जाण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या कलमात आहे. राजीनामा लेखी दे, पोच घे, वर्गणी पगारातून कापली जात असेल तर शाळेच्या क्लार्कलाही कळव. नाहीतर दोन्हीकडे कापत राहतील.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वरचं उत्तर वाचून हुरळून जाऊ नकोस. त्या १९व्या कलमात संपाचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगितलं आहे. आणि शिक्षकांच्या बाबतीतला एक मोठा निकाल तर आपल्या गोव्यातूनच गेलेला आहे. इथल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेचं प्रकरण गोवा, दमण आणि दीव सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९८८ साली निकाल लागला की शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे. शिकवणं हे थोर कार्य आहे, त्याला कारकुनी किंवा कष्टाचं काम म्हणता येणार नाही, असं त्यामागचं कारण. थोरपणाची ही किंमत आपण अजून फेडतोय. कारखान्यातल्या माणसाला नोटीस देऊन संपावर जाण्याची जी वाट त्या कायद्याने दिली, ती शिक्षकाला मिळाली नाही. सरकारी शाळेतल्यांना तर वर्तणूक नियमांतला सातवा नियम संपाला सरळ मनाई करतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००३च्या तामिळनाडू प्रकरणातल्या निकालाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उरल्यासुरल्या आशेवरही पाणी टाकलं.

तू अनुदानित शाळेत आहेस, तेव्हा तुला १९८४चा गोवा शालेय शिक्षण कायदा आणि त्याखालचे १९८६चे नियम लागू. ते एकदा स्वतः वाच, स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. प्रोबेशन संपून कायम केल्याचं पत्र हातात आहे का, तेही बघ. तीन वर्षं म्हणतेस म्हणून विचारते. नसेल तर आधी ते मिळव.

धरण्याला जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे रविवार किंवा सुट्टीचा दिवस. शाळेच्या दिवशी असेल तर किरकोळ रजेचा अर्ज आधी दे आणि मंजुरी हातात घेऊन वाळपईहून निघ. मंजूर झाली नाही तर गैरहजेरी लागेल, पगार जाईल, आणि तीन वर्षांच्या नोकरीत मेमो येणं मला तुझ्यासाठी बरं वाटत नाही. जुनी माणसं पुढे बसू देत, त्यांची पेन्शन जवळ आलीय.

प्रश्न : काळी फीत लावून वर्ग घेतले तर तो संप धरतात का? मुख्याध्यापक म्हणतात, पगार कापू.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : वर्ग घेतलात, हजेरीपट भरलात, मग पगार कशाचा कापणार? शांत निदर्शनं आणि संप या वेगळ्या गोष्टी आहेत. १९६२च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात बिहार सरकारचा एक नियम सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द झाली आणि संपावरची राहिली. संघटनेचं पत्र आदल्या दिवशी ऑफिसात देऊन ठेवा. कापू म्हणाले तर "लेखी द्या" म्हणा. तोंडी बोलणारे बरेच असतात, सही करणारा मुख्याध्यापक मी अजून पाहिलेला नाही.